दर्यात ओतलेले दहा डबे

सामानाच्या यादीत सातवी वस्तू होती: ‘झाकणाचा डबा, पाच लिटरचा, प्रत्येकी एक.’ यादी मी केली, सायक्लोस्टाइल मी काढली आणि सातव्या वस्तूखाली लाल रेघही मीच मारली. म्हणजे पहिली चूक माझी. ती आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं मला मोकळेपणाने सांगता येईल.

मी लातूरला भूगोल शिकवते. प्रवाळबेटं कशी तयार होतात, ती बांगडीसारखी का असतात, मधल्या उथळ पाण्याला खारकच्छ म्हणतात, हे वीस वर्षं फळ्यावर खडूने काढून दाखवलं. प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. त्यामुळे मुंबईच्या एका संस्थेचं पत्र आलं, की लक्षद्वीपच्या बेटांमधून शिडाच्या जहाजावर विद्यार्थ्यांचं शिबिर आहे आणि ‘मागास भागातील’ अकरा विद्यार्थ्यांना जागा राखून ठेवल्या आहेत, तेव्हा ‘मागास’ हा शब्द मी गिळला आणि अर्ज मागवले. सहा मुलं लातूरकडची, पाच नांदेडची. बाकीचे अकरा विद्यार्थी मुंबई-पुण्याचे.

छापील अर्जात जिल्ह्यांची नावं दिलेली होती. लातूर नव्हतंच. आमचा जिल्हा नवा, कलेक्टर कचेरीच्या पाटीचा रंग अजून ओला म्हणावा इतका नवा, पण झाला होता. मी सहाही अर्जांवर ‘उस्मानाबाद’ खोडून ‘लातूर’ लिहिलं. ते तिकडे कुणीतरी खोडून परत ‘उस्मानाबाद’ केलं. हे मला नंतर कळलं.

त्या साली पाऊस नव्हता. लातूरला नळ चौथ्या दिवशी, तोही पाऊण तास. चाकूरकडच्या एका मुलाने सांगितलं की त्यांच्या गावात टँकर आला की शाळा आपोआप सुटते, घंटा द्यावी लागत नाही. अशा वेळी सामानाची यादी करणारी बाई पाण्याचा डबा लिहिणार नाही तर काय लिहील?

अकरांपैकी एकीसाठी मला उदगीरला जावं लागलं. शिवकांता माझ्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. घर लिंगायत, आडत बाजारात भुसाराचं दुकान. वडील नाहीत, आजोबा सगळं बघतात. त्यांना सारा बाजार आप्पा म्हणतो, म्हणून मीही तेच म्हटलं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, गळ्यातली चांदीची लिंगाची डबी सदऱ्याखाली सारली आणि अट सांगितली. पोर लिंगपूजा केल्याशिवाय पाणीसुद्धा घेत नाही, ते तिकडे चुकता कामा नये. आणि दुसरं.

“बोल आणू नका घरावर. एक बोल आला, कालिज बंद. सोयरीक सांगून आल्याली हाय, मी थांबवून धरलोय.”

मी शब्द दिला. हा शब्द वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावा.

कवरत्ती

रेल्वे, बोट आणि उलट्या यांच्याबद्दल लिहीत नाही. कवरत्तीला उतरलो तेव्हा पहिला आठवतो तो पाण्याचा रंग. निळा म्हणायचा तर कुठला? आमच्या नांदेडच्या रफीकने त्याचं वर्णन ‘मोरचूद’ असं केलं, आणि वीस वर्षांच्या शिकवण्यात मला इतका बरोबर शब्द सापडला नव्हता. रफीक विष्णुपुरीजवळचा. धरणाच्या कामावर त्याचा मामा होता, त्यामुळे गोदावरीतल्या नावा त्याने पाहिल्या होत्या. बाकी दहा जणांनी नाव पाहिली होती ती पुस्तकात.

जहाज लाकडी, दोन डोलकाठ्यांचं, दोऱ्या काथ्याच्या. नाखवा तिथलाच, साठीचा, पांढरी दाढी, पायात काही नाही. तरुणपणी मुंबईच्या गोदीत होता म्हणून मोडकं हिंदी बोले. ते मुंबईच्या मुलांना नीट कळेना, पण आमच्या नांदेडच्या पोरांना बरोबर कळलं, कारण घरची दखनी आणि नाखव्याची हिंदी दोन्ही सारख्याच आडवळणाच्या. पहिल्याच दिवशी तो रफीकला ‘बेटा’ म्हणू लागला.

आणि शिबिरप्रमुख. पांढरी चड्डी, गळ्यात शिटी. माणूस कामाचा होता, हेही लिहिते. गाठी त्यांनी सुरेख शिकवल्या. दिवसाची आखणी मला आवडावी अशी होती: चार-चार तासांची पाळी, सुकाणूवर दोघं, शिडाच्या दोरीवर आठ, स्वयंपाकाला तिघं. तक्ता लावलेला होता. तक्ता लावणारा माणूस मला एरवी आवडतो.

डेकवर गोड्या पाण्याची दोन पिंपं होती. अगत्तीपर्यंतचा प्रवास एका रात्रीचा आणि अर्ध्या दिवसाचा, म्हणून दोनच. संध्याकाळी प्रमुखांनी शिटी वाजवून सांगितलं, पाणी सुरू केलं आहे, घ्या.

‘पाणी आलं’ हे ऐकल्यावर लातूरचा माणूस काय करतो ते लातूरच्या माणसाला सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. तो जे हातात येईल ते भरतो. आमच्या अकरांनी डबे भरले, बाटल्या भरल्या, जेवणाचे डबे भरले. एका मुलीने साबणाची डबी धुऊन तीही भरली. कुणी ढकलाढकली केली नाही. रांग लागली, हातोहात भांडी पुढे गेली आणि मागे आली, एक थेंब खाली पडला नाही. मुंबईची मुलं पेले घेऊन बघत उभी राहिली. पाव तासात पहिलं पिंप तिसऱ्या हिश्श्याने उतरलं.

आमची चूक झाली. मी तिथल्या तिथे कबूल केली आणि उपायही सांगितला. डब्यांतलं पाणी आमचंच धरा. आमची अकरा जणं अगत्तीपर्यंत पिंपाला हात लावणार नाहीत. हिशेब मी ठेवते.

प्रमुख म्हणाले, असल्या डब्यांत पाणी ठेवून रोगराई आणायची नाही. मी म्हटलं, डबे राखेने घासलेले आहेत, आम्ही घरी चार-चार दिवस असंच पाणी ठेवतो.

“बाई, हे तुमचं खेडं नाही,” ते म्हणाले. “ओता समुद्रात.”

मला वाटलं, रागात बोलले, निवळतील. पण त्यांनी खरोखर शिटी वाजवली आणि मुलांना कठड्याशी उभं केलं. एकेकाने पुढे यायचं आणि ओतायचं. चाकूरचा मुलगा डबा वाकडा करेना. प्रमुखांनी त्याच्या मनगटाला धरून डबा उलटा केला. गोडं पाणी मोरचुदी पाण्यात पडलं, थोडा फेस झाला आणि संपलं. मुंबईची दोन मुलं हसली, एक मुलगी मात्र तोंड फिरवून उभी राहिली. आमच्यातलं कुणी रडलं नाही. रडणं वेगळं असतं. आमच्याकडे घरातलं दाणापाणी दारात सांडलं की जसं सगळे गप्प होतात, तसं झालं.

नाखवा सुकाणूजवळून बघत होता. रफीकला त्याने हळूच विचारलं, “बेटे, इत्ता मीठा पानी दरिया को कायको पिलाया?”

मी मोजत होते, सवयच आहे. दहा डबे ओतले गेले. माझ्या यादीत अकरा होते. मी वर बघितलं. शिवकांता रांगेत शेवटी उभी होती, हात मोकळे, नजर खाली. मी यादीची वही मिटून पिशवीत टाकली.

वारा पडला

रात्रभर छान चाललो. दोरी ओढताना आमची पोरं ‘हैय्या’ न म्हणता ‘हर हर’ म्हणत होती. नाखव्याला ते लय आवडलं असं रफीकने सांगितलं. पहाटे वारा गेला. गेला म्हणजे एखादा माणूस उठून जावा तसा गेला. शीड वाळत घातलेल्या लुगड्यासारखं लोंबू लागलं. समुद्र थाळीसारखा. दुपारी डेकच्या फळ्यांवर पाय ठेववेना.

असे दोन दिवस गेले. अगत्ती तिकडे कुठेतरी होतं, पण आम्ही जागच्या जागी.

या दोन दिवसांत जहाजावरचं आयुष्य कसं असतं ते नीट कळलं. समुद्राच्या पाण्याने अंघोळ केली की अंगावर मीठ बसतं आणि कपडे पापडासारखे होतात. साबणाला फेस येत नाही. भात अर्ध्या खाऱ्या, अर्ध्या गोड्या पाण्यात शिजवला तर मीठ टाकावं लागत नाही, ही युक्ती नाखव्याची. वाळवलेल्या माशांचा वास केसांत बसतो. आमच्या मुलींनी आणलेली कडक भाकरी आणि भाजक्या डाळीचं येसर पहिल्या दिवशी मुंबईच्या मुलांनी हातात घेऊन ‘हे खातात की फोडतात’ असं विचारलं होतं. आता तीच मुलं मागून नेत होती. मी दिली. भाकरीवर माझा राग नव्हता.

राग होता तो सकाळच्या तांब्यावर. पिण्याचं पाणी माणशी चार पेल्यांवरून दोनावर आलं होतं, आणि प्रमुख रोज सकाळी पिंपातून तांब्याभर गोडं पाणी घेऊन दाढी करत होते. खाऱ्या पाण्यात फेस येत नाही म्हणून. दाढी झाली की तांब्या कठड्याबाहेर उपडा. मी वहीत लिहिलं: पहिला दिवस एक तांब्या, दुसरा दिवस एक तांब्या. वेळ घातली, सहा वाजून दहा मिनिटं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पिंपात काठी घालून पाहिलं आणि म्हणाले, पाणी हिशेबापेक्षा कमी आहे, कुणीतरी घेतलं आहे. मग त्यांनी आमच्या अकरांचं सामान डेकवर मांडायला लावलं. फक्त आमचं.

रफीक सरळ पोरगा. त्याने अदबीने विचारलं, “साहेब, बाकीच्या अकरांचं बी बघा ना.”

“त्यांनी डबे आणले नव्हते,” प्रमुख म्हणाले.

शिवकांताच्या अंथरुणाच्या वळकटीतून तो डबा निघाला. वर स्वच्छ फडकं बांधलेलं, आत जवळजवळ गळ्यापर्यंत पाणी. तिला विचारलं तेव्हा ती घाबरली होती, पण खोटं बोलली नाही. पहिल्या संध्याकाळी ओतला नाही, म्हणाली. रोज सकाळी पूजेला अर्धी वाटी लागतं, तेवढंच घेते. बाकी तसंच ठेवलंय, लागलं कुणाला तर.

प्रमुखांनी तिला पूजा म्हणजे काय ते विचारलं. तिने गळ्यातली डबी उघडून दाखवली. तळहातावर लिंग घ्यायचं, त्यावर पाणी घालायचं.

“म्हणजे इथे मुलं तहानलेली आहेत आणि तू दगडावर पाणी ओततेस?”

शिवकांताच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ती जे बोलली ते मी शब्दाला शब्द लिहिते.

“ओतत न्हाई सर. लिंगावरचं पाणी खाली पडू देत नाहीत. ते आम्ही पितोव. माझं सकाळचं प्यायचं पाणी तेच हाय.”

त्यांना ते ऐकायचंच नव्हतं. त्यांनी वहीत लिहिलं, मोठ्याने उच्चारत लिहिलं: पाण्याची चोरी. शिबिरातून नाव कमी. अगत्तीला उतरवून बोटीने घरी.

आणि मग त्यांनी काय केलं? रोगराईचा तो डबा, दोन रात्री अंथरुणात राहिलेला, आमच्या खेड्यातल्या राखेने घासलेला, तो त्यांनी उचलला आणि पेल्या-पेल्याने सगळ्यांना वाटला. मुंबईच्या मुलांना, खलाशांना, आम्हाला. शेवटचा पेला स्वतः घेतला. सगळा संपवला. पाणी चांगलं होतं. कुणाला काही झालं नाही.

मी तेव्हाच बोलले. आवाज चढला असेल. म्हटलं, आता तुम्ही प्यायलात ते चोरीचं पाणी की रोगाचं, ते एकदा ठरवा आणि तसं लिहा. असे अजून दहा डबे होते. त्यांनी लिहिलं नाही. मी माझ्या वहीत लिहिलं: दुपारी सव्वादोन, शिबिरप्रमुख, एक पेला.

अगत्ती

तिसऱ्या दिवशी पहाटे वारा आला आणि दुपारी अगत्तीला नांगर टाकला. मुलं वाळूवर धावत सुटली. नाखव्याने आम्हाला एका विहिरीवर नेलं.

भूगोलाच्या बाईने ती विहीर पाहायलाच हवी होती. खोली जेमतेम पुरुषभर. पाणी हाताला लागेल इतकं वर. शेजारी पन्नास पावलांवर समुद्र, आणि विहिरीतलं पाणी गोड. नाखव्याने रफीकमार्फत समजावलं: बेटाच्या पोटात खारं पाणी आहे, पावसाचं गोडं पाणी त्याच्यावर तरंगतं, दुधावर साय असते तसं. म्हणून इथे बादली सोडत नाहीत. करवंटीच्या उथळ डावाने वरवरचं, सावकाश घ्यायचं. हावरेपणा केला, खोल गेलं, की खारं वर येतं आणि विहीर कायमची जाते. पोरांना लहानपणी पहिलं काही शिकवत असतील तर ते हे.

आमच्याकडे बोअर तीनशे फुटांवर कोरडा लागला की चारशेपर्यंत नेतात. आमची अकरा जणं पाळीपाळीने करवंटीने पाणी घेत होती, आणि त्यांना ते कुणी शिकवावं लागलं नाही. नाखवा बघत होता. तो रफीकला म्हणाला की ही मुलं दर्यावर नवी आहेत, पाण्यावर नाहीत.

तेवढ्यात प्रमुख आले. बोट परवा आहे, शिवकांताने सामान बांधावं, असं म्हणाले.

मी सांगितलं, ती उतरली तर बाकी दहा उतरतील, आणि मी बारावी. मुलींबरोबर एक बाई हवीच, हे तुमच्या नियमपत्रिकेतलं कलम नऊ, आणि इथे दुसरी बाई नाही. मुलांना मी विचारलं नव्हतं. मागे वळून पाहिलं तर दहाही जण उभे होते, चाकूरचा मुलगा सगळ्यांत पुढे. पहिल्या संध्याकाळी तोंड फिरवलेली मुंबईची मुलगीही त्यांच्यात येऊन थांबली. नाखव्याने दाढी खाजवली आणि अर्धी माणसं गेली तर आपण शीड चढवणार नाही, एवढंच सांगितलं.

शिवकांता राहिली. पुढचे चार दिवस आम्ही बेटं पाहिली, प्रवाळ पाहिले, नारळाच्या गुळाच्या वड्या खाल्ल्या. शिवकांता सुकाणूवर बसली आणि एक पूर्ण पाळी तिने जहाज सरळ नेलं. पण मला त्यात आनंद म्हणावा असा राहिला नाही. प्रमुखांनी वहीतलं खोडलं नव्हतं, आणि शेवटच्या दिवशी ते मला म्हणाले की पालकांना कळवणं हे त्यांचं कर्तव्य आहे.

उदगीर

आम्ही लातूरला पोचलो आणि पाठोपाठ ते पत्र उदगीरला पोचलं. टाइप केलेलं, इंग्रजीत. बँकेतल्या साहेबाने आप्पांना ते वाचून दाखवलं होतं. म्हणजे बाजारभर झालं होतं. शिवकांताने निरोप पाठवला: पुस्तकं माळ्यावर गेली, बाई.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने मी गेले. वही बरोबर नेली. आप्पा दुकानात बसले होते. या म्हणाले. मी वही उघडली आणि पहिल्या संध्याकाळपासून वाचत गेले, तारीख-वेळेसकट. दहा डबे, सकाळचे तांबे, सामानाची झडती, शेवटचा पेला. ते ऐकत होते. मध्ये एक गिऱ्हाईक आलं, त्याला त्यांनी हातानेच थांबवलं.

माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, “लिंगावरचं पाणी खाली सांडलं का पोरीनं?”

“नाही आप्पा. रोज प्यायली.”

“अन डबा?”

“दहा जणांनी आपापला दर्यात ओतला. हिने नाही ओतला.”

“म्हंजी सांडलं न्हाई म्हणून नाव कापलं?”

“हो.”

त्यांनी गादीखालून ते पत्र काढलं, त्याची चौघडी केली आणि तराजू एका बाजूला जरा डगमगत होता त्याच्या पायाखाली घातली. मग आतल्या दाराकडे बघून म्हणाले, “शिवे, पुस्तकं खाली काढ. आन बाईला पाणी आण.”

पुढे महिन्याभराने प्रमाणपत्रं आली. दहा. लातूरच्या पाच जणांच्या नावापुढे जिल्हा उस्मानाबाद. दहाही मुलांनी ती माझ्याकडे आणून दिली, मी मागितली नव्हती. रजिस्टरने परत पाठवली, सोबत दोन ओळी: जिल्हा दुरुस्त करावा आणि संख्या अकरा करावी. अजून उत्तर नाही. मी वाट बघत बसलेली नाही.

त्या दिवशी उदगीरहून परतताना एसटीत वही काढली आणि सामानाची यादी पुन्हा वाचली. पुन्हा कुणी मुलं घेऊन जाणार असेल तर उपयोगी पडेल, म्हणून काही दुरुस्त्या केल्या. टोपी रुंद काठाची. खोबरेल तेल जास्त. सातवी वस्तू, झाकणाचा डबा, पाच लिटरचा, प्रत्येकी एक. तिथे ‘एक’ खोडून ‘दोन’ केलं.